पहिल्यांदा बर्फ पडताना बघायला निघालात? मग आधी हे वाचा

बर्फ बघणं वेगळं आणि बर्फ पडताना बघणं वेगळं, हे मला पहिल्या ट्रिपच्या आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवर चार दिवसांचा शिळा बर्फ होता, कडक झालेला, करडा, कडेला गाड्यांच्या चाकांनी उडवलेला चिखल, आणि दोन दिवस आम्ही त्याच्यासमोरच उभं राहून फोटो काढले आणि झालं एकदाचं बघून असं स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला खरा बर्फ पडायला लागला. ताईने हलवून उठवलं, मी जीन्स आणि कापडी बूट घालून तशीच बाहेर पळाले आणि सात-आठ मिनिटांत परत आत, कारण मोजे भिजले होते आणि बोटं ठणकायला लागली होती. बर्फ पुढे तीन तास पडत होता. मी तो खिडकीतून बघितला, तोही धड नाही, कारण आमच्याच श्वासाने काच धूसर झाली होती.

त्यानंतर दोनदा जाणं झालं, दोन्ही वेळा नीट तयारीने, आणि तेव्हा कळलं की सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे, बाहेर एक तास न कुडकुडता उभं राहता आलं पाहिजे. थंडी वाजायला लागली की कौतुक पहिलं संपतं, मग डोक्यात फक्त हीटर. खाली जे काही लिहिलंय ते त्या एका तासासाठी.

पायरी १ : तारखेच्या नाही, ढगांच्या मागे लागा

बर्फ पडायला दोन गोष्टी लागतात, गारठा आणि ओलावा, आणि आपण उकाड्यातली माणसं फक्त पहिल्याचाच विचार करतो. पारा खूप खाली गेलाय बघून लगेच खूश व्हायचं नाही. सगळ्यात कडाक्याची थंडी बऱ्याचदा निरभ्र रात्री असते, कारण ढगांची गोधडी नसली की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, आणि ढगच नाहीत तर बर्फ कुठून पडणार? शिवाय हवा जितकी थंड तितकी तिच्यात वाफ कमी, त्यामुळे उणे २० ला जो पडतो तो बहुतेक वेळा भुरभुर, पिठासारखा. ते कापसाचे मोठे मोठे पुंजके असतात ना, ज्यासाठी आपण एवढा खर्च करून जातो, ते शून्याच्या आसपासच पडतात, कारण तेव्हा बर्फाच्या पाकळ्या किंचित ओलसर असतात आणि खाली येता येता एकमेकींना चिकटत जातात.

मोबाईलवर अंदाज बघताना आठ-दहा दिवस आधीचा आकडा फक्त मन रमवायला. तीन दिवसांवर आलं की मग जरा विश्वास ठेवा. डोंगराळ भाग असेल तर दाखवलेलं तापमान नेमकं कुठल्या उंचीचं आहे ते बघा, बऱ्याचदा ते खालच्या गावाचं असतं आणि दर हजार मीटर चढलं की साधारण ६ ते ६.५ अंशांनी कमी होतं. काही ठिकाणी 'फ्रीझिंग लेव्हल' म्हणून आकडा देतात, म्हणजे शून्य अंश ज्या उंचीवर आहे ती उंची. बर्फ त्याच्याही खाली साधारण दोनशे-तीनशे मीटरपर्यंत टिकून येतो, कारण वितळायलाही वेळ लागतो. म्हणूनच तापमान २ अंश दाखवतंय म्हणून ट्रिप रद्द करू नका, जमिनीजवळची हवा कोरडी असेल तर तेवढ्यातही मस्त बर्फ पडतो.

अजून एक गोंधळ मिलिमीटरचा. अंदाजात १० मिलिमीटर लिहिलं असलं तर ते बऱ्याचदा पाण्याचं माप असतं. त्याचा बर्फ ढोबळमानाने १० सेंटीमीटर भरतो, ओला जड असेल तर निम्माच, कोरडा भुसभुशीत असेल तर दीडपट-दुप्पट. मी पहिल्यांदा ४ मिलिमीटर वाचून हिरमुसले होते, प्रत्यक्षात घोट्याच्या खालपर्यंत होता.

मुक्काम एका रात्रीचा करू नका, चार-पाच रात्री तरी हातात ठेवा. आणि परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा सोडा, कारण ज्या बर्फासाठी गेलात तोच रस्ता बंद करतो आणि मग कुणाशी भांडणार? जागा २५०० मीटरच्या वर असेल तर पहिला दिवस नुसता आराम, भरपूर पाणी. डोकं दुखतंय, मळमळतंय तर अजून वर जायचं नाही, आणि वाढत चाललं तर सरळ खाली उतरायचं, बर्फ गेला खड्ड्यात.

पायरी २ : कपडे (हा भाग वगळू नका)

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जॅकेट गरम नसतं, गरम तुम्ही असता. जॅकेट फक्त ती ऊब अडवून धरतं, आणि अडवून धरण्याचं खरं काम कापडाचं नाही तर कापडात अडकलेल्या हवेचं असतं. म्हणून एक भलंमोठं जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन सुटसुटीत थर बरे. अंगाला लागून थर्मल, लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, कानटोपी आत जाईल एवढ्या मोठ्या हुडचं.

सुती काही नको. आपली आयुष्यभराची सवय सुती कपड्यांची, उन्हाळ्यात ते घाम शोषतं आणि आपल्याला गार ठेवतं म्हणून आवडतं, पण इथे तोच गुण उलटतो, सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली उष्णता खेचत बसतं. जीन्स तर सगळ्यात वाईट. गुडघ्यापर्यंत भिजते, मग कडक होते आणि फळी बांधल्यासारखं चालायला लागतं. वर तीन थर घालून खाली नुसती पँट हे जवळजवळ सगळेच नवखे करतात, पायांनाही आत थर्मल आणि वर वॉटरप्रूफ पँट लागते.

मोजे. दोन-दोन जोड्या कोंबायचा मोह होतो, करू नका. बूट घट्ट झाले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. लोकरीची एकच जाड जोडी, आणि बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. बूट घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, तळ खोल खाचांचा. बूट-जॅकेट भाड्याने मिळत असतील तर घ्या, एकदाच जाणार असाल तर विकत घेण्यात अर्थ नाही, फक्त बूट घालून दहा पावलं चालून बघा आणि आत हात घालून ओल तपासा, हे मी अनुभवाने सांगतेय.

हातमोजे पाच बोटांचे छान दिसतात, पण अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र असलेले जास्त गरम राहतात कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. माझी सोय अशी, आत पातळ पाच बोटांचे, ज्यांनी फोन चालतो, आणि वर ते पिशवीसारखे. कानटोपी हवीच, पण शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते वगैरे जे सांगतात ते खरं नाही, डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा भाग आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. कानटोपी घालायची ती कानांसाठी. कान, नाक, गाल, हातापायांची बोटं ही पहिली बळी पडतात.

आता मुख्य मुद्दा. तिथली माणसं बघून कपडे ठरवू नका. ती चालत असतात, कामात असतात, तुम्ही एका जागी तोंड वर करून उभे राहणार आहात. चालताना पुरणारे कपडे उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कमी पडतात. एक थर जास्त घाला, आणि चालायला लागलात की घाम यायच्या आधीच चेन उघडा, कारण आतून ओलं होणं बाहेरून ओलं होण्याइतकंच वाईट. अजून एक साधी युक्ती, उभं राहायला जाड पुठ्ठ्याचा तुकडा किंवा योगा मॅटचा कापलेला चौकोन न्या. थंडी निम्मी तळव्यांतून चढते असं वाटतं, पुठ्ठ्यावर उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

आणि वारा. पारा उणे ५ असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चामडीला ते उणे १३ इतकं लागतं. तेव्हा भिंतीचा आडोसा घ्या, हिरोगिरी नको.

निघायच्या आधी घरीच एकदा सगळं अंगावर चढवून बघा. घाम फुटेल, घरचे हसतील, पण हातमोजे घालून चेन लागते का, वाकून बुटाची नाडी बांधता येते का, हे पहाटे साडेचारला अंधारात शोधून काढण्यापेक्षा बरं.

पायरी ३ : चाहूल

बर्फ आवाज करत येत नाही. पाऊस दाराशी आला की कळतो, पत्र्यावर वाजतो, हा चोरपावलांनी येतो. बऱ्याचदा आधी पाऊसच असतो, रिपरिप चालू असते, तुम्ही वैतागून पांघरुणात शिरता, आणि मग छपरावरचा आवाज हळूहळू कमी होऊन थांबतो. आपल्याला वाटतं पाऊस थांबला. थांबलेला नसतो, त्याचा बर्फ झालेला असतो. होतं असं की वरून येणारा बर्फ वाटेत वितळून पाऊस होत असतो, पण एक ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी उष्णता लागते आणि ती तो आसपासच्या हवेतूनच घेतो, त्यामुळे पाऊस पडता पडता हवाच थंड होत जाते आणि एका क्षणी पाकळ्या न वितळता जमिनीपर्यंत पोचतात. म्हणून आवाज थांबला की झोपायचं नाही, खिडकीशी जायचं.

झोपताना रस्त्यावरच्या दिव्याकडचा पडदा उघडा ठेवा. बर्फ पडतोय का हे काळ्या आकाशाकडे बघून कळत नाही, दिव्याखाली लगेच कळतं. थेंब सरळ रेघ मारत पडतो, बर्फ मात्र तिरका जातो, मध्येच वर चढतो, थबकतो. सगळे कपडे घालायच्या क्रमाने खुर्चीवर रचून ठेवा, थर्मल घालूनच झोपलात तर अजून उत्तम.

पांढरं पडतंय म्हणजे बर्फच असं पण नाही. साबुदाण्यासारखे मऊ पांढरे गोळे, बोटांत चिरडले जाणारे, ते म्हणजे पाकळीवर गार पाण्याचे सूक्ष्म थेंब चिकटून गोठलेले. काचेच्या मण्यांसारखे टणक दाणे असतील तर तो वाटेत गोठलेला पाऊस. आणि पाऊसच पडतोय पण पडल्या पडल्या रस्त्यावर, तारांवर, झाडांवर काचेसारखा गोठतोय, तर आतच बसा, त्यावर चालताही येत नाही आणि फांद्याही मोडून पडतात.

पायरी ४ : पहिली दहा मिनिटं फोन खिशात

खरंच. फोटो पुढच्या पन्नास मिनिटांत काढा.

दिव्याच्या खाली उभं राहा आणि मान वर करा. थोड्या वेळाने असं वाटायला लागतं की बर्फ खाली येत नाहीये, आपणच वर चाललोय. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटरने आपटतो, बर्फाची पाकळी जेमतेम मीटर-दीड मीटरने तरंगत येते. म्हणजे दोन-अडीच किलोमीटर वरून निघाली असेल तर तिला अर्धा-पाऊण तास लागतो, आता जी नाकावर बसली ती तुम्ही अंधारात दुसरा मोजा शोधत होतात तेव्हाच निघाली असणार.

मग कान द्या. ताज्या बर्फात बहुतेक जागा हवेचीच असते, पाकळ्यांच्या मधल्या असंख्य फटी आवाज गिळून टाकतात, कापसाने भरलेल्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटतं. लांबून येणारी गाडी अगदी जवळ आल्यावर कळते (हे धोक्याचंही आहे, रस्त्यात उभे राहू नका). एक-दोन दिवसांनी बर्फ दाबला जाऊन कडक झाला की ही शांतता जाते, म्हणून ती त्याच रात्री ऐकायची. आणि अंधार म्हणावा तसा अंधार नसतो, ढग आणि जमीन दोन्ही उजेड परतवत असतात, गावातले दिवे असतील तर आकाश गुलाबी-नारिंगी दिसतं आणि रात्री दोनला सुद्धा रस्ता स्वच्छ दिसतो.

दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. तिला मी ढीगभर माहिती सांगून ठेवली होती, ती काही तिने ऐकली नव्हती. ती नुसती हात पुढे करून उभी राहिली, हातमोज्यावर जे जमत होतं ते कितीतरी वेळ बघत होती, आणि म्हणाली, "अगं, याला तर वजनच नाही." तेवढंच. मग पुन्हा बघायला लागली. मी पाऊस बघत मोठी झालेय त्यामुळे वरून पडतं त्याला मार असतो हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तिने म्हणेपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता बाही बघा. गडद रंगाचं लोकरी कापड, काळा मफलर सगळ्यात चांगला, बाहेर पंधरा मिनिटं आधी टांगून थंड करून ठेवा, नाहीतर पाकळी पडताक्षणी वितळते. खिशात दहापटीचं छोटं भिंग असेल तर मजाच. श्वास रोखून बघायचं, आपल्या एका उच्छ्वासात तिचं पाणी होतं. बहुतेक पाकळ्या मोडक्या, एकमेकींत गुंतलेल्या दिसतील, निराश होऊ नका, वीस-पंचवीस बघितल्या की एखादी अख्खी सहा टोकांची मिळते आणि ती मिळाली की तोंडातून आपोआप काहीतरी निघतं.

सहाच का, हा प्रश्न योहानेस केप्लरलाही पडला होता, ग्रहांच्या कक्षांवाला तोच, १६११ मध्ये त्याने यावर छोटं पुस्तकच लिहिलं, पण उत्तर त्या काळात मिळणं शक्य नव्हतं. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात आणि तीच जाळी वाढत वाढत डोळ्यांना दिसेल एवढी होते, हे क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावता आलं तेव्हा विसाव्या शतकात कळलं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १५ जानेवारी १८८५ ला कॅमेऱ्याला मायक्रोस्कोप जोडून एका पाकळीचा फोटो काढला आणि मग आयुष्यभरात पाच हजारांवर काढले, तेही उघड्या गारठ्यात. आणि जपानमध्ये होक्काइदोला उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिल्यांदा असा स्फटिक वाढवला, सशाच्या केसाच्या टोकावर! त्यांनी दाखवून दिलं की आकार ठरतो तो ढगातल्या तापमानावर आणि ओलाव्यावर. उणे २ च्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ ला सुया आणि पोकळ नळ्या, आणि उणे १५ च्या आसपास ती नक्षीदार, फांद्या फुटलेली पाकळी. म्हणजे बाहीवर काय पडलंय ते बघून वर ढगात किती थंडी आहे याचा अंदाज खाली उभं राहून करता येतो. मला ही गोष्ट अजूनही जादूसारखी वाटते, खरं सांगते.

जिभेवर झेलायचाय? झेला की, त्यासाठीच आलोय. मूठभरून खाऊ मात्र नका, तहान भागवायला तर नाहीच, तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

पायरी ५ : आता काढा फोटो

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, गारठ्यात बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम शून्याला जाते. मेलेली नसते, ऊब मिळाली की बरीचशी परत येते. बर्फाचे फोटो करडे, मळकट येतात कारण कॅमेऱ्याला एवढं पांढरं खरं वाटत नाही आणि तो उजेड कमी करतो, तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून उजेड एक-दोन घर वाढवा. पडणारा बर्फ दिसायला मागे काहीतरी गडद हवं, झाड, दार, कुणाचा काळा कोट. पांढऱ्या आकाशासमोर काहीच दिसत नाही. फ्लॅश मारला की जवळच्या पाकळ्यांचे मोठे पांढरे ठिपके येतात, एखादा गमतीचा फोटो होतो, बाकी उपयोग नाही.

पायरी ६ : चालणं, पडणं, गोळे

बदकासारखं चाला. छोटी पावलं, पाऊल सपाट टेकवायचं, वजन पुढच्या पायावर, आणि हात खिशातून बाहेर, कारण पडायची वेळ आली की तेच कामाला येतात. लोक खोल बर्फात कमी आणि साफ दिसणाऱ्या रस्त्यावर जास्त पडतात. डांबर नुसतं ओलं, चकचकीत काळं दिसत असतं आणि वर काचेसारखा पातळ थर असतो. पूल, पायऱ्या, सावलीतले उतार इथे आधी जमतो.

गोळा होत नाहीये म्हणून मुलं हिरमुसतात. दोष बर्फाचा. शून्याच्या जवळचा ओलसर बर्फ दाबला की कण एकमेकांना धरतात, खूप थंड कोरडा बर्फ साखरेसारखा बोटांतून गळतो. तो हातमोज्यांत बराच वेळ दाबून बघा किंवा दुपारपर्यंत थांबा. गोळ्यात दगड नको आणि तोंडावर मारायचा नाही, एवढे दोन नियम आधीच ठरवून टाका.

पायरी ७ : कधी आत यायचं

बोटं ठणकतायत तोपर्यंत ती निदान जिवंत आहेत असं समजा, आत या, गरम करा. ठणका एकदम थांबून बधिरपणा आला आणि कातडी फिकट, मेणासारखी झाली तर हिमदंशाची सुरुवात असू शकते. सावळ्या कातडीवर हा रंग पटकन लक्षात येत नाही, तेव्हा बधिरपणावर लक्ष ठेवा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, शेकोटीवर धरायचं नाही, कारण भाजलेलं कळत नाही. काखेत धरा, किंवा ३७ ते ३९ अंशाच्या कोमट पाण्यात, आणि संवेदना परत येत नसेल तर डॉक्टर. कुणी खूप कुडकुडून मग अचानक कुडकुडणं थांबलं, बोलणं जड झालं, अडखळायला लागलं तर तो दमलाय असं समजू नका, शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असू शकतं, लगेच आत घ्या, ओले कपडे काढा, पांघरूण घाला, मदत बोलवा. दारूने गरम वाटतं पण कातडीकडे रक्त जाऊन आतली ऊब बाहेर पडते, त्यामुळे ती नको.

लहान मुलं सांगत नाहीत, खेळात असतात, त्यांना दर पंधरा-वीस मिनिटांनी आत आणून हात बघा.

छपराच्या कडेखाली उभं राहू नका, वर साचलेलं एकदम सरकतं, लटकणारे बर्फाचे भाले तुटतात. डोंगरात मोकळ्या उतारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी जाऊ नका, हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि तो उतार नवख्या माणसाला खेळायला छान वाटतो. बर्फात अडकलेल्या गाडीत हीटर लावून बसायची वेळ आली तर आधी उतरून मागचा धुराचा पाइप मोकळा आहे का बघा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. गॅसचा हीटर असेल तरी खिडकी किंचित उघडी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. आपल्याला थंडीची भीती वाटते म्हणून आपण फटीसुद्धा बुजवतो, आणि घात तिथेच होतो. दोन पांघरुणं जास्त मागून घ्या.

पायरी ८ : आत आल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी

दारातच बर्फ झटका, आत नेलात की तो पाणी होतो. कॅमेरा किंवा फोन बाहेर असतानाच झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरेल, लेन्सच्या आत नाही. बुटांचे आतले तळवे काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हीटरला टेकवून ठेवू नका, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो.

सकाळी लवकर उठा, कितीही दमलात तरी. ऊन पडलं असेल तर गॉगल हवाच, ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झोंबतं आणि हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशीसुद्धा ऊन लागतं, कारण ते खालून येतं. सनस्क्रीन तिथेही लावा. मग कुणी चाललं नसेल अशी जागा शोधा. रात्री कोण कोण येऊन गेलं ते लिहिलेलं असतं, मांजर एका सरळ रेषेत, पक्षी दोन उड्या मारून एकदम गायब, जिथून उडाला तिथे पंखांचे दोन हलके ओरखडे. पारा उणे दहाच्या खाली असेल तर पायाखाली बर्फ करकरतो, नव्या चपलेसारखा.

दहा-अकराला छपरांवरून टपटप सुरू होतं, गाड्या येतात, फोटोवाले उतरतात आणि आमच्या पहिल्या ट्रिपसारखे त्याच्यासमोर उभे राहतात. तोपर्यंत तुमचे बूट दुसऱ्यांदा वाळत पडलेले असले पाहिजेत.